पत्ता नसलेला सभ्य गृहस्थ : योझेफ रोट यांची अखेरची कथा आणि निवासनोंदीचा प्रश्न

प्रास्ताविक

विसाव्या शतकातील युरोपीय साहित्यात स्थलांतर आणि निर्वासन या विषयांना मोठे स्थान आहे. या साहित्याची समीक्षा करताना घर, मायभूमी, भाषा, स्मृती, अस्मिता या संज्ञा वारंवार वापरल्या जातात. त्या मानाने एका अगदी साध्या शब्दाकडे समीक्षेचे दुर्लक्ष झाले आहे. तो शब्द म्हणजे पत्ता. घर आणि पत्ता या दोन गोष्टी एक नव्हेत. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला कोणाच्या तरी खोलीत, पोटभाडेकरू म्हणून, एखाद्या परिचिताच्या कोचावर झोपायला जागा मिळू शकते, म्हणजे डोक्यावर छप्पर असते. परंतु त्या जागेची त्याच्या नावे सरकारदरबारी नोंद नसेल तर तो राहत असूनही राहत नाही. उलटपक्षी नोंद एका ठिकाणी आणि वास्तव्य दुसरीकडे असेही घडते. छप्पर आणि नोंद यांच्यातील या फटीत जे जगणे चालते, ते काही लेखकांनी फार बारकाईने पाहिले आहे.

मराठी भाषेने ही बाब आपल्या परीने ओळखलेली आहे. 'बेघर' आणि 'बेपत्ता' हे दोन शब्द आपण कधीही एकमेकांच्या जागी वापरत नाही. बेघर माणूस डोळ्यांसमोर असतो. त्याला फक्त घर नसते. बेपत्ता माणूस मात्र हरवलेला असतो, त्याचा शोध घ्यावा लागतो. ज्याला पत्ता नाही तो सापडत नाही, असे भाषेने गृहीतच धरले आहे. पण जो माणूस रोज समोरच्या रस्त्यावरून चालतो आहे, काम करतो आहे, आणि तरीही केवळ नोंद नसल्यामुळे व्यवस्थेच्या लेखी बेपत्ता आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही.

प्रस्तुत लेखात योझेफ रोट यांच्या 'डी लेगेंडे फोम हायलिगेन ट्रिंकर' म्हणजे 'संत मद्यप्याची आख्यायिका' (१९३९) या दीर्घकथेचा या दृष्टीने विचार केला आहे. कार्ल झुकमायर यांचे 'डेर हाउप्टमान फोन क्योपेनिक' (१९३१) हे नाटक आणि येनी एर्पेनबेक यांची 'गेहेन, गिंग, गेगांगेन' (२०१५) ही कादंबरी यांचा संदर्भ अनुषंगाने घेतला आहे. रोट यांच्या कथेचे वाचन बहुधा श्रद्धा, चमत्कार आणि मद्यासक्ती या तीन अंगांनी होत आले आहे. ते वाचन चुकीचे नाही. मात्र कथेच्या पहिल्याच प्रसंगात ज्या अडचणीवर सारा व्यवहार अडतो, ती अडचण श्रद्धेची नाही, व्यसनाचीही नाही. ती पत्त्याची आहे.

नोंदीची व्यवस्था

जर्मनीत कोणीही नव्या जागी राहायला गेला की दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नोंदणी कार्यालयात आपला पत्ता नोंदवणे बंधनकारक आहे. या नोंदीला तेथे 'आनमेल्डुंग' म्हणतात. १ नोव्हेंबर २०१५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र पुन्हा आवश्यक केले. ते २००२ मध्ये रद्द झाले होते. खोटा पत्ता पुरवणाऱ्यास ५० हजार युरोपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे. बाहेरून आलेल्याच्या दृष्टीने या एका कागदावर बरेच काही अवलंबून असते. कर ओळख क्रमांक टपालाने येतो तो नोंदलेल्या पत्त्यावर. निवास परवान्यासाठी कोणत्या कार्यालयात जायचे, हे त्याच पत्त्यावरून ठरते. बँकेतले साधे खाते उघडतानाही तो विचारला जातो. स्थिर निवास नसलेल्या व्यक्तीलाही प्राथमिक बँक खाते मिळण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. पण हक्क असणे आणि खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने तो मान्य करणे यांत अंतर असते. ज्यांची घरे भाड्याने मिळतात असे अनेक मालक नोंदणीसाठी प्रमाणपत्र द्यायला नाखूश असतात. पोटभाडेकरूच्या बाबतीत तर मूळ भाडेकरूच अनेकदा मालकाच्या नकळत खोली देत असतो. मग राहणे होते, नोंद होत नाही.

हा प्रश्न मराठी वाचकापासून फार दूरचा राहिलेला नाही. जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत २०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून भारतीयांची संख्या सर्वाधिक झाली आणि पुढच्याच वर्षी ती ४९ हजारांच्या वर गेली. त्यांत महाराष्ट्रातून जाणारी मुलेही आहेत. त्यांच्या घरी फोनवर जे पहिले काही आठवडे बोलले जाते त्यात विद्यापीठापेक्षा 'आनमेल्डुंग'चा विषय अधिक असतो. असे असूनही परदेशवास्तव्यावरील आपल्या ललित लेखनात थंडी, एकटेपणा, वरणभाताची आठवण यांना जेवढी जागा मिळते तेवढी नोंदणी कार्यालयाच्या रांगेला मिळालेली दिसत नाही. जर्मन साहित्याने मात्र ही रांग शंभर वर्षांपूर्वीच रंगभूमीवर आणली.

झुकमायर यांचा चांभार

ब्रेश्टच्या मानाने झुकमायर मराठी वाचकाला अपरिचित आहेत. ब्रेश्ट 'तीन पैशाचा तमाशा' आणि 'अजब न्याय वर्तुळाचा' यांच्यामुळे आपल्या नाट्यव्यवहारात मिसळून गेला. झुकमायर यांना तसे भाग्य लाभले नाही. त्यांचे 'डेर हाउप्टमान फोन क्योपेनिक' हे नाटक ५ मार्च १९३१ रोजी बर्लिनच्या डॉयचेस थिएटरमध्ये प्रथम सादर झाले. त्याला आधार आहे तो १६ ऑक्टोबर १९०६ रोजी प्रत्यक्ष घडलेल्या घटनेचा. विल्हेल्म फोग्ट नावाच्या, आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात घालवलेल्या चांभाराने जुना लष्करी गणवेश मिळवला, रस्त्यावरचे काही सैनिक हुकूम देऊन बरोबर घेतले, बर्लिनजवळच्या क्योपेनिकच्या नगरपालिकेत शिरून नगराध्यक्षाला अटक केली आणि तिजोरी घेऊन तो निघून गेला. साऱ्या युरोपात या प्रकरणावर हसू उसळले.

झुकमायर यांनी हसू कायम ठेवले, पण त्यामागचे कारण बदलून पुढे आणले. नाटकातला फोग्ट परदेशात, बोहेमियात चपला-बुटांचे काम करून राहिलेला आहे आणि आता मायदेशी परतला आहे. पोट्सडामच्या पोलीस कचेरीत तो निवासाचा परवाना मागतो. परवान्यासाठी नोकरी दाखवावी लागते. बुटांच्या कारखान्यात नोकरी मागायला जावे तर तेथे कागदपत्रे विचारली जातात. नोकरी नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून नोकरी नाही. निवास नाही तर निदान पारपत्र द्या, म्हणजे देश सोडून जाता येईल, अशी त्याची मागणी असते. तीही मान्य होत नाही. म्हणजे त्याला राहताही येत नाही आणि जाताही येत नाही. मायदेशातच तो परदेशातला नवखा झाला आहे.

नाटकातील सर्वांत हृद्य प्रसंग कार्यालयातला नाही, घरातला आहे. बहिणीच्या घरी आसरा घेतलेला फोग्ट तेथील आजारी मुलीला ग्रिम बंधूंची ब्रेमेनच्या वाजंत्र्यांची गोष्ट वाचून दाखवतो. मालकांनी टाकून दिलेली, ठावठिकाणा गमावलेली चार जनावरे रस्त्याला लागतात आणि शेवटी चोरांच्या घराचा ताबा घेऊन तेथेच राहतात, अशी ती गोष्ट आहे. त्याच्या खिशात तेव्हा हद्दपारीचा हुकूम असतो. झुकमायर यांनी या नाटकाला 'एक जर्मन परीकथा' असे उपशीर्षक दिले आहे. त्याचा अर्थ या प्रसंगात लागतो. जनावरांनी बळकावलेले घर परीकथेतच त्यांचे होऊ शकते. फोग्ट क्योपेनिकची कचेरी ताब्यात घेतो ती पारपत्राच्या कोऱ्या कागदासाठी, आणि तेव्हा त्याला कळते की या कचेरीत पारपत्राचा विभागच नाही. इतके मोठे धाडस करून माणूस चुकीच्या खिडकीसमोर येऊन उभा राहिलेला आहे. रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही हा अनुभव नवा वाटणार नाही.

प्रत्यक्षातल्या फोग्टला कैसरने १९०८ मध्ये माफी दिली. पुढे तो लक्झेंबर्गला स्थायिक झाला आणि १९२२ मध्ये तेथेच वारला. झुकमायर यांना मात्र १९३८ मध्ये ऑस्ट्रियातून स्वित्झर्लंडमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत पळून जावे लागले. ज्या लेखकाने नोंदीच्या वर्तुळावर विनोद केला त्यालाच त्या वर्तुळातून जावे लागले.

आंद्रेआसची तीन कारणे

योझेफ रोट यांचा जन्म १८९४ मध्ये गॅलिशियातील ब्रोडी या गावी झाला. तो भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. हे साम्राज्य १९१८ मध्ये नाहीसे झाले. ३० जानेवारी १९३३ रोजी, हिटलर चॅन्सेलर झाला त्याच दिवशी, रोट यांनी जर्मनी सोडली. १९३८ मध्ये ऑस्ट्रियाही जर्मनीत विलीन झाली. आयुष्याचा बराच काळ त्यांनी हॉटेलांत काढला. पॅरिसमधील ज्या हॉटेलात ते दीर्घकाळ राहिले ते 'फोयो' १९३७ मध्ये पाडण्यात आले. त्यानंतर ते त्याच त्युर्नो रस्त्यावर, एका कॅफेच्या वरच्या खोलीत राहू लागले. मे १९३९ मध्ये तेथूनच त्यांना रुग्णालयात नेले गेले आणि २७ मे रोजी त्यांचे निधन झाले. 'संत मद्यप्याची आख्यायिका' त्याच वर्षी मरणोत्तर, अॅम्स्टरडॅमच्या प्रकाशनसंस्थेकडून प्रसिद्ध झाली. ती जर्मन भाषेतील असून जर्मनीत प्रसिद्ध होऊ शकत नव्हती, हेही लक्षात घ्यावे लागते.

कथा १९३४ च्या वसंतातील एका संध्याकाळी सुरू होते. सीन नदीकाठच्या पायऱ्यांवर एक नीटनेटका, प्रौढ गृहस्थ एका फाटक्या माणसाला गाठतो आणि दोनशे फ्रँक देऊ करतो. हा फाटका माणूस म्हणजे आंद्रेआस. तो पैसे नाकारतो आणि नाकारण्याची तीन कारणे देतो. एक, देणाऱ्याशी आपली ओळख नाही. दोन, हे पैसे आपण केव्हा आणि कसे फेडू हे आपल्याला ठाऊक नाही. आणि तीन, देणाऱ्याला तगादाही लावता येणार नाही, कारण आपल्याला पत्ता नाही. आपण जवळजवळ रोज वेगळ्या पुलाखाली राहतो. मात्र आपण प्रतिष्ठित माणूस आहोत, पत्ता नसला तरी, असे तो आवर्जून सांगतो.

ही तीन कारणे ज्या क्रमाने येतात तो क्रम महत्त्वाचा आहे. ओळख, परतफेड, पत्ता. आधुनिक नागरी व्यवहारात या तीनही गोष्टी पत्त्यात एकवटलेल्या असतात. पत्ता असला की अनोळखी माणसाची ओळख पटते, कर्ज देता येते, फेडले नाही तर वसूल करता येते. आंद्रेआसला हे पूर्ण ठाऊक आहे. तो व्यवहाराबाहेर फेकला गेलेला आहे, पण व्यवहाराची भाषा विसरलेला नाही. सावकाराची बाजू तो स्वतःच मांडतो. पण त्यानंतर तो प्रतिष्ठेचा मुद्दा काढतो आणि तेथे व्यवहाराची साखळी तुटते. पत्ता नाही म्हणून पत नाही, हे तो मान्य करतो. पत्ता नाही म्हणून अब्रू नाही, हे मान्य करत नाही. मराठीत 'पत' आणि 'पत्ता' हे शब्द ध्वनीने जवळचे आहेत, हा केवळ योगायोग. पण आंद्रेआसचे सगळे म्हणणे या दोन शब्दांमधल्या अंतरात बसवता येईल.

यावर त्या गृहस्थाचे उत्तर अनपेक्षित आहे. आपल्यालाही पत्ता नाही, आपणही रोज वेगळ्या पुलाखाली राहतो, असे तो म्हणतो. परतफेडीसाठी एखादी बँक सांगणेही त्याला शक्य नाही. लिझ्यूच्या संत तेरेझची गोष्ट वाचून तो ख्रिस्ती झालेला आहे. म्हणून, सोयीचे होईल तेव्हा हे पैसे बातिन्योलच्या सेंट मारी चर्चमधील त्या संतेच्या छोट्या मूर्तीपाशी धर्मोपदेशकाच्या हाती द्यावेत, अशी त्याची विनंती आहे. येथे रोट यांनी केलेली योजना वरवर साधी आहे. देणाऱ्याला पत्ता नाही, घेणाऱ्याला पत्ता नाही. पत्ता आहे तो फक्त संतेला. ती हलत नाही, तिचा मुक्काम पक्का आहे, ती दर रविवारी भेटते. संपूर्ण कथेत जिचे निश्चित ठिकाण आहे अशी ती एकच धनको आहे. कथेचा पुढचा सगळा प्रवास म्हणजे पत्ता नसलेल्या माणसाने पत्ता असलेल्या एका ठिकाणी पोचण्याचा प्रयत्न आहे. तो दर वेळी चर्चच्या दारापर्यंत येतो आणि समोरच्या बिस्त्रोत अडकतो.

या प्रवासाला चमत्कारकथा म्हणताना समीक्षक पैशांच्या पुन्हा पुन्हा मिळण्याकडे बोट दाखवतात. पण पैसे ज्या रीतीने मिळतात ते पाहण्याजोगे आहे. आंद्रेआसला पहिले काम मिळते ते घर बदलणाऱ्या एका लठ्ठ गृहस्थाकडे. दोन दिवस तो दुसऱ्याचे सामान एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर हलवण्यास मदत करतो. ज्याचे बिऱ्हाड पाठीवरसुद्धा नाही अशा माणसाला दुसऱ्याचे बिऱ्हाड उचलण्याचे काम मिळावे, हा उपरोध रोट एका शब्दानेही अधोरेखित करत नाहीत. ही त्यांच्या गद्याची शक्ती आहे. नंतरच्या काही प्रसंगांत, विशेषतः प्रसिद्ध फुटबॉलपटू झालेल्या जुन्या शाळासोबत्याच्या भेटीत, योगायोगांची रास जरा जास्त होते आणि कथा सैल पडते, हेही मान्य करायला हवे.

आंद्रेआस कोण, हे आपल्याला उशिरा कळते. तो पोलिश सायलेशियातील कोळसा खाणकामगार. फ्रान्सला खाणकामगार हवे होते म्हणून आला. हा तपशील कल्पित नाही, त्यामागे इतिहास आहे. पहिल्या महायुद्धानंतर मजुरांचा तुटवडा पडला तेव्हा फ्रान्सने ३ सप्टेंबर १९१९ रोजी पोलंडशी करार केला आणि पुढच्या दशकात उत्तरेकडील खाणींत पोलिश मजूर मोठ्या संख्येने आले. १९३० नंतरच्या मंदीत त्यांच्यापैकी अनेकांना परत पाठवण्यात आले. काम होते तोवर नोंद होती. काम संपले तशी नोंदही संपली. आंद्रेआसच्या बाबतीत एक खून आणि दोन वर्षांचा तुरुंगवास मध्ये आला. ज्यांच्याकडे तो राहत होता त्या देशबांधवाने बायकोला, कारोलीनेला, मारायला हात उगारला आणि तिला वाचवताना आंद्रेआसच्या हातून तो मेला. त्यानंतर तो पुलाखालचा झाला. त्याचे पूर्ण नाव, आंद्रेआस कार्ताक, कथेत बऱ्याच पुढे येते आणि ते त्याला स्वतःलाच बऱ्याच वर्षांनी नव्याने कळल्यासारखे वाटते. ज्या नावाने कोणी पत्र पाठवत नाही, कोणी नोंद करत नाही, ते नाव माणूस स्वतःही वापरेनासा होतो.

कथेतील पोलिसाचा प्रसंग या संदर्भात निर्णायक ठरतो. शेवटच्या रविवारी चर्चकडे निघालेल्या आंद्रेआसच्या खांद्यावर पोलिसाचा हात पडतो. आपल्यासारख्या इतर अनेकांप्रमाणे आपल्याजवळ कागदपत्रे नाहीत, हे त्याला आठवते. तो खिशात हात घालतो तो काही काढण्यासाठी नव्हे. कागदपत्रे आहेत असा देखावा निर्माण व्हावा म्हणून. पोलीस मात्र समजतो की हा आपले हरवलेले पाकीट शोधतो आहे, आणि एक पाकीट त्याच्या हातात ठेवतो. त्यात दोनशे फ्रँक असतात. श्रद्धाळू वाचक येथे संतेची कृपा पाहतो. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु खिशाकडे गेलेला तो हात कोणत्याही धर्मशास्त्रातून आलेला नाही. तो पोलीस दिसताच आपोआप होणारा, वर्षानुवर्षे सवयीने शरीरात मुरलेला हावभाव आहे. रोट यांनी १९२७ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंवर 'युडेन आउफ वांडरशाफ्ट' हे पुस्तक लिहिले होते आणि कागदपत्रांपायी या माणसांचे आयुष्य कसे खर्ची पडते हे त्यात नोंदवले होते. बारा वर्षांनंतर त्या सगळ्या निरीक्षणाचे सार त्यांनी एका रिकाम्या खिशात घातलेल्या हातात आणले. चमत्कार कोणता म्हणायचा? दोनशे फ्रँक मिळाले हा, की पोलिसाने पत्ता विचारला नाही हा? १९३८ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये परकीयांविरुद्ध कडक हुकूम निघाले होते आणि अनधिकृत परकीयास मदत करणाऱ्यालाही शिक्षेची तरतूद झाली होती. त्या पार्श्वभूमीवर लिहिताना रोट यांनी कथेचा काळ १९३४ ठेवला आणि पोलिसाला सौम्य केले. त्यांना परीकथाच लिहायची होती, झुकमायर यांच्याप्रमाणे.

शेवटी आंद्रेआसला बिस्त्रोत आई-वडिलांची वाट पाहणारी तेरेझ नावाची मुलगी भेटते. तो तिलाच संत समजतो. तो कोसळतो, जवळपास औषधाचे दुकान नसल्याने त्याला चर्चमध्ये नेले जाते आणि तो तेथेच मरतो. पुन्हा एकदा त्याचा हात खिशाकडे गेलेला असतो. या वेळी मात्र देखाव्यासाठी नव्हे, देणे फेडण्यासाठी. दोन हावभावांमधला हा फरक एरमान्नो ओल्मी यांच्या १९८८ च्या चित्रपटातही पाहावा. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला आणि रुटगर हाउअर यांनी आंद्रेआसची भूमिका केली.

नोंद म्हणजे संरक्षण, की पाळत?

येथवरच्या विवेचनावरून नोंद ही केवळ हवीहवीशी गोष्ट आहे असा समज होण्याची शक्यता आहे. तो बरोबर नाही. जर्मनीतील निवासनोंदीचे नियम १९३८ मध्ये देशभर एकसारखे करण्यात आले, आणि हीच पोलीसदप्तरे पुढे ज्यूंना घरांतून उचलून नेण्यासाठी उपयोगी पडली. बर्लिनमध्ये सुमारे सात हजार ज्यू नोंदीतून निसटून भूमिगत झाले. त्यांपैकी सुमारे सतराशे जगले. त्यांच्यासाठी बेपत्ता असणे हीच जगण्याची अट होती.

मराठी वाचकाला हे द्वंद्व वेगळ्या वाटेने परिचित आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली भटक्या जमातींची नावे पोलिसांच्या दप्तरात होती, हजेरी द्यावी लागत होती, गाव सोडायला परवाना लागत होता. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला आणि मग शाळेच्या दाखल्यापासून शिधापत्रिकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी पक्का पत्ता नसल्याची अडचण सुरू झाली. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनाचे शीर्षकच या स्थितीचे नाव आहे. अर्थात ही माणसे परदेशी नव्हती, आणि ही तुलना फार ताणू नये. एवढे मात्र म्हणता येते की दप्तरात नाव असण्याचा आणि नसण्याचा दोन्ही प्रकारचा जाच सोसलेल्या समाजाच्या वाङ्मयाने आंद्रेआसचा खिशाकडे जाणारा हात वाचायला अनुवादाची गरज फारशी भासू नये.

एर्पेनबेक यांचा प्राध्यापक

'गेहेन, गिंग, गेगांगेन' ही कादंबरी २०१५ मध्ये जर्मन ग्रंथ पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. तिला पार्श्वभूमी आहे ती बर्लिनच्या ओरानियेनप्लाट्झ या चौकात ऑक्टोबर २०१२ ते एप्रिल २०१४ या काळात आफ्रिकेतून आलेल्या निर्वासितांनी उभारलेल्या तंबूंची. हे लोक इटलीत उतरलेले, त्यामुळे डब्लिन नियमावलीप्रमाणे त्यांचा अर्ज इटलीनेच पाहायचा. इटलीत काम नाही. जर्मनीत काम आहे पण परवानगी नाही. झुकमायर यांच्या वर्तुळाचा परीघ आता दोन देशांएवढा झाला आहे. कादंबरीच्या आरंभी उपोषणाला बसलेले दहा जण आपली नावे सांगायला नकार देतात. येथे एर्पेनबेक रोट यांच्या पुढे जातात. आंद्रेआस नाव विसरला होता. ही माणसे ते रोखून धरतात. नोंदच करणार नसाल तर नाव कशाला हवे, हा त्यांचा युक्तिवाद आहे.

कादंबरीचा नायक रिचर्ड हा अभिजात भाषांचा निवृत्त प्राध्यापक आहे, पूर्व बर्लिनच्या भागात तळ्याकाठी स्वतःच्या घरात राहणारा. त्याचा देश १९९० मध्ये नाहीसा झाला, घर मात्र जेथे होते तेथेच राहिले. देश बदलला, पत्ता तोच. रोट यांच्या आयुष्याची ही नेमकी उलटी बाजू आहे. शिवाय तान्हेपणी युद्धाच्या अखेरीस सायलेशियातून येताना गर्दीत रिचर्डची आईशी जवळजवळ ताटातूट झाली होती. आंद्रेआसही सायलेशियाचाच, दुसऱ्या बाजूचा. हा धागा लेखिकेने जाणून ठेवला की नाही, यापेक्षा तो आहे हे महत्त्वाचे.

कादंबरीचे मोठेपण तिच्या धीम्या ऐकण्यात आहे. रिचर्ड वही घेऊन जातो, प्रश्न विचारतो, उत्तरे ऐकतो, कायदे वाचतो. जर्मन क्रियापदाची रूपे गिरवणाऱ्या त्या माणसांना जाणे हे क्रियापद तीनही काळांत चालवता येते. राहणे मात्र कोणत्याच काळात त्यांच्या वाट्याला येत नाही. पण आक्षेपाचा मुद्दाही याच ऐकण्यात आहे. रिचर्ड सुरुवातीला या माणसांना ग्रीक देवाचे वा जर्मन दंतकथेचे नाव देतो: कोणी अपोलो, कोणी ट्रिस्टान. ज्यांनी स्वतःचे नाव राखून ठेवले होते त्यांना प्राध्यापकाच्या ग्रंथालयातला पत्ता मिळतो. हे रिचर्डचे वैगुण्य म्हणून लेखिका दाखवते, हे खरे. तरी कादंबरी शेवटपर्यंत त्याच्याच दारातून पाहते. शेवटी तो त्यांच्यापैकी काहींना स्वतःच्या घरात ठेवून घेतो आणि त्याचे मित्रही तसेच करतात. ही कृती उदार आहे. पण पत्ता त्याचाच राहतो. पाहुणे त्याच्या पत्त्यावर राहतात. त्याने घर मिटले असते तर ते पुन्हा तंबूत. रोट यांच्या कथेत देणाऱ्यालाही पत्ता नव्हता, आणि म्हणूनच आंद्रेआसला आपण प्रतिष्ठित माणूस असल्याचे बरोबरीच्या नात्याने सांगता आले. 'आपण मला नीट ओळखलेत' अशा आशयाचे जे उत्तर तो त्या गृहस्थाला देतो, तसे उत्तर रिचर्डच्या घरातील कोणी रिचर्डला देत असलेला दिसत नाही. रोट स्वतः हॉटेलच्या खोलीतून लिहीत होते, आणि त्यांच्या कथेतला निवेदक एकदाही आंद्रेआसच्या वरच्या पायरीवर उभा राहत नाही.